कच्चं

चैत्रात सुरू केलं.
साखर पेठेत, पत्र्याखाली, त्रेचाळीस डिग्रीत
गॅसकडे पाठ करणं सोपंच होतं.
काकडी, भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेली मटकी,
आणि तडकलेली डाळिंबं,
जी लक्ष्मी मंडईत बंदेनवाज मला निम्म्या भावात द्यायचा.
दूध नाही, दही नाही, तूप नाही,
विस्तव लागलेलं काही म्हणजे काहीच नाही.
गुडघे हलके झाले. हे खरं आहे, आधीच सांगून ठेवते,
नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, सगळं फुकट गेलं.

वहीत रोज बरोबरची खूण.
चुकले त्या दिवशी लाल फुली.
पहिली फुली: सरोजनीच्या लग्नातला एक बटाटा.
दुसरी: बोलता बोलता तोंडात गेलेली शेंगाचटणी,
मीच भाजलेली, मीच कुटलेली, अंबादासच्या डब्यासाठी.

नळाला पाणी पाचव्या दिवशी,
आणि माझी पालेभाजी तीन पाण्यांत धुवायची.
अंबादास बादल्या मोजायचा, बोलायचा नाही.
शेजारची यल्लूबाई बोलायची,
"अगं, शेळी परवडली. दूध तरी देते."

भाद्रपदात कंगवा भरू लागला.
बोटं गार. हजार विड्या वळणारी मी
सातशेला थांबायचे, मुंग्या झटकत.
डॉक्टर मेतननी रिपोर्ट बघितला,
"बी-ट्वेल्व्ह पाल्यात नसतं, बाई," म्हणाले, सुई काढली.
इंजेक्शन कच्चं धरायचं का, मी विचारलं.
ते हसले.
मी विनोद करत नव्हते.

अंबादास टॉवेलच्या कारखान्यात जॉबर.
म्हणाला, "ताण वाढला की सूत ओरडत नाही. तुटतं."
मला राग आला.
या माणसाला जगात सगळीकडे मागच दिसतो.
पण त्या रात्री त्याने कडक भाकरी मोडली
ती मला तीन खोल्यांपलीकडून ऐकू आली.
आमच्याकडे खोल्या दोनच आहेत.

पौषात मोहोळच्या पुढे, ओळखीच्या रानात हुरडा.
सगळे आगटीभोवती, मी बांधावर,
हिरवं कणीस तळहातावर चोळत.
दाणे दुधाळ, गवताच्या वासाचे. चांगले होते.
थंडी मात्र माझ्या बाजूला जास्त होती.
रानातली महानंदा आली, तळवे राखेने काळे.
तिने काही विचारलं नाही,
माझ्या ओंजळीत मूठ उघडली.
दाणे इतके गरम, की टाकायचे किंवा खायचे,
मधलं काही नव्हतं.
खाल्ले.

मग दह्याची वाटी फिरत आली.
"नको," म्हटलं, आणि आवाज अडखळला नाही.
समोर गोठ्यात रेडकू, दावं ताठ ओढून,
आईपासून हातभर अलीकडे.
विस्तवाशी माझं भांडण नव्हतंच की.
हे मला ओठ काळे झाल्यावर कळलं.
भांडण दाव्याशी होतं.

आता दुपारपर्यंत कच्चं. रात्री कधी भाकरी,
कधी नुसती गाजरं, कधी उगाच चिडचिड.
गोळी न विसरता.
वही माळ्यावर असेल, नाहीतर रद्दीत.

आज पच्ची पुलुसू केलं.
पच्ची म्हणजे कच्चं, अम्माच्या भाषेत.
चिंच कोळायची, कांदा चिरायचा, गूळ, मीठ, चुलीवर काही नाही.
रॉकेल संपलं की अम्मा हेच करायची.
तिला कुठल्या शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.
मिरची तेवढी ती शेजारणीच्या निखाऱ्यावर धरून आणायची,
फोड येईपर्यंत.
मीही धरली, गॅसवर.

अंबादासने दोन वाट्या प्यायल्या.
कांदा जरा जाड चिरलाय, म्हणाला.